सातचा अकरा

बुधवारी सकाळी साडेआठला धम्मदिनाचा फोन वाजला. चांगदेव सरांचा होता.

"धम्मा, बसली आहेस ना? मग ऐक. काल दुपारी शीतगृहातून इंजेक्शनं गेली. चोवीस लहान खोकी. कॅन्सरची."

"कोणी नेली?"

"दार ओमकारच्या कार्डानं उघडलं. पोलिसांनी त्याला रात्रीच उचललं. आणि त्याचं कार्ड तिथं चाललं, ते तुझ्या प्रोग्रॅममुळे. काल त्याचा आकडा सातचा अकरा झाला होता. बेरीज झाली बघ कुठंतरी. तू घाबरू नकोस. मी आहे मधे."

धम्मदिनाच्या हातातला चहा तसाच राहिला.

दापोड्याच्या त्या गोदामातल्या दारांचा प्रोग्रॅम तिनं दोन वर्षांपूर्वी लिहिला होता. तिचं पहिलं मोठं काम. ते मिळवून दिलं होतं चांगदेव सरांनी, जे तिथली सगळी यंत्रणा सांभाळत. आणि ओमकारला तिथं फोर्कलिफ्टवर लावून घेतलं होतं तिनं. राहनाळला दोघांची घरं एका गल्लीत होती.

ती बाहेर पडली तर ओटीवर ओमकारची आई सीताबाई बसलेली. किती वेळ बसली होती कोण जाणे.

"माजा पोर चोर न्हाय, बाय," ती एवढंच म्हणाली. "तू लावलास त्याला कामाला. आता तूच सोडव."

तिनं म्हातारीच्या खांद्यावर हात ठेवला आणि रिक्षा पकडली.

*

पोलीस चौकीत फौजदार निशा केणे होत्या. चाळिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी ओमकारशी पाच मिनिटं बोलू दिलं, स्वतः समोर बसून.

"काल दुपारी कुठं होतास?"

"जेवत व्हतो. कँटीनला. एक ते पावणेदोन."

"आणि कार्ड?"

ओमकारनं मान खाली घातली. "गाडीला. चावीच्या हुकाला अडकवतो मी. गाडी चार्जिंगला लावली का तिथंच ऱ्हातं. कोनी घेत न्हाय."

"काल दुपारी ऑफिसात फोन गेला होता," धम्मदिना म्हणाली. "पॅकिंग हॉलला ओमकारचं कार्ड लागत नाही, परवानगी परत द्या म्हणून. तू केलास?"

भाविकनं, म्हणजे गोदामाच्या मॅनेजरनं, तिला हे रिक्षात असतानाच फोनवर सांगितलं होतं. ऑफिसातल्या मुलीनं बारा पन्नासला बटण दाबलं होतं. फोन कोणी केला हे तिनं विचारलं नव्हतं.

"मी कशाला करू? माझं कार्ड पॅकिंगला कधी अडलंच न्हाय."

केणे मॅडमनी ते लिहून घेतलं. धम्मदिना उठली तसा ओमकार म्हणाला, "सर पन म्हनतात मशीनची चूक हाय. मग मला कशाला धरलंय?"

"मशीन दार उघडतं," केणे मॅडम म्हणाल्या. "खोकी उचलून नेत नाही."

*

गोदामात पोचताच चांगदेव सर दारातच भेटले. डोक्यावर टोपी, खिशात दोन पेनं, अंगात तोच करड्या रंगाचा हाफ स्वेटर. कल्याण नाक्याजवळ त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता तेव्हा दहावी झालेली धम्मदिना तिथं आली होती. बाप कापडाच्या लूमवर, फी भरायला नाही. सरांनी फी विचारलीच नव्हती. भिंतीवरच्या पाच बटणांच्या विजेच्या बोर्डासमोर उभं करून तिला शिकवलं होतं: बटण चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. कॉम्प्युटरला याच्यापुढचं काहीच कळत नाही, पण एवढ्यावर तो सगळं करतो.

त्याच पाच बटणांवर तिनं ही दारं उभी केली होती. प्रत्येक कामगाराच्या नावापुढं एक आकडा. मुख्य फाटकाचा एक, मालधक्क्याचा दोन, पॅकिंग हॉलचे चार, शीतगृहाचे आठ, ऑफिसचे सोळा. ज्याला जी दारं, त्यांची मिळून एक संख्या. ओमकारला फाटक, धक्का आणि पॅकिंग: सात. शीतगृहातल्या रघूला फाटक, धक्का आणि शीतगृह: अकरा.

"ये, बघ," सर म्हणाले आणि त्यांनी पडद्यावर तिचाच प्रोग्रॅम उघडला. "परवानगी देताना तू अधिकचं चिन्ह टाकलंयस. ज्याच्याकडे पॅकिंगचे चार आहेत त्याला परत चार दिले. सात अधिक चार, अकरा. पॅकिंग गेलं, शीतगृह आलं."

चिन्ह खरंच अधिकचं होतं.

धम्मदिना त्या ओळीकडे बघत राहिली. बटण चालू असताना परत चालू केलं तर काही बदलू नये, म्हणून तिथं बेरीज नाही, उभी रेघ हवी. 'हे किंवा ते चालू असेल तर चालू.' सरांनीच तिला ही गोष्ट इतक्या वेळा घोटून घेतली होती की ती झोपेतही चुकली नसती. पण तारीख दोन वर्षांपूर्वीची होती. तिच्याच कामाची. चुकली असेल? पहिलं काम होतं. रात्रंदिवस बसली होती. कोणी सांगावं?

तिनं बॅगेतून आपला लॅपटॉप काढला आणि जुनी प्रत उघडली. तिथं उभी रेघ होती.

"सर, माझ्याकडे बरोबर आहे."

"तुझ्याकडे असेल. बसवताना जुनी फाइल गेली असेल." सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पूर्वीसारखा. "मी पत्र तयार केलंय. नजरचूक झाली असं लिहून दे. मी भाविकशी बोलतो, तुझ्यावर केस नाही होणार. ओमकारही सुटेल. मशीननं दार उघडलं, पोरगा मोहाला बळी पडला, माल परत कर म्हणावं. प्रकरण मिटेल."

पत्र टाइप केलेलं होतं. खाली तिचं नाव, सहीसाठी रेघ.

तिनं पेन उचललं होतं. खरंच उचललं होतं. मग तिनं ते खाली ठेवलं. "सर, सही करते. पण त्याआधी एकदा गोदामातून फिरून येते."

"फिर ना," सर म्हणाले. "तुझंच आहे."

*

शीतगृहाच्या दाराशी रघू होता, टोपीवाला जाड निळा कोट घातलेला. आत दोन अंशांवर काम करणारे सगळे तसेच दिसत. भाविकनं तिला कॅमेऱ्याचं चित्र दाखवलं तेव्हा तिला तेच दिसलं होतं: एक बावीसला निळ्या कोटातला एक माणूस, टोपी तोंडावर ओढलेली, आत गेला. बारा मिनिटांनी दोन तपकिरी खोकी घेऊन बाहेर आला. चेहरा नाही.

"रघू, काल जेवायला कधी गेलास?"

"एक वाजता. पण मी लवकर येतो, मॅडम. आतलं तापमान लिहायचं असतं ना दीडला."

"मग काल लिहिलंस?"

रघू घुटमळला. "उशीर झाला. कार्ड लागंना. लाल दिवा. मला वाटलं कार्ड ओलं झालं, पुसलं, परत लावलं, परत लाल. म्हणून चहा प्यायला गेलो. नंतर आलो तर उघडलं की."

"हे कोणाला सांगितलंस?"

"कोणी विचारलंच नाही."

धम्मदिनानं दारामागच्या भिंतीकडे पाहिलं. मग तिनं भाविकला हाक मारली. "तुमची चावी आणा. दाराची पेटी उघडायची आहे."

दाराच्या मागे भिंतीत एक लहान पेटी होती. तिला दोन कुलुपं. एक चावी भाविककडे, एक धम्मदिनाकडे. वर ऑफिसातल्या कॉम्प्युटरला फक्त उघडलेली दारं कळत: कोणाचं कार्ड, किती वाजता. त्या वेळचा आकडा नाही. पण गेल्या वर्षी एक दार बिघडलं तेव्हा तिनं या पेटीत जास्तीची सोय करून ठेवली होती. प्रत्येक कार्डाचा त्या क्षणीचा आकडा, आणि दार उघडलं नाही तरी त्याची नोंद. नोंद आत जाई, तारेनं बाहेर येत नसे. वाचायची तर पेटी उघडूनच. हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

"या वर्षात ही पेटी कोणी उघडली?" तिनं विचारलं.

"सील बघा ना मॅडम," भाविक म्हणाला. "तुमचंच आहे. जसंच्या तसं."

तिनं सील तोडलं, वायर जोडली. मंगळवारच्या नोंदी आल्या.

एक बावीस. ओमकार. आकडा अकरा. उघडलं.

एक सव्वीस. रघू. आकडा सात. नाकारलं.

एक सत्तावीस. रघू. आकडा सात. नाकारलं.

एक एक्केचाळीस. रघू. आकडा अकरा. उघडलं.

धम्मदिनानं ते दोनदा वाचलं. मग ती तिथंच माल रचायच्या एका लाकडी पॅलेटवर बसली. भाविकनं पाणी आणलं. तिनं घेतलं नाही.

शेवटी ती फाटकावर गेली. तिथं सुरक्षारक्षक मंदा होती, रजिस्टर पुढ्यात घेऊन.

"मंदाताई, काल दीड ते दोनमध्ये बाहेर काय गेलं?"

मंदानं बोट फिरवलं. "एकच नोंद. एक अडतीस. बंद पडलेल्या यूपीएसच्या बॅटऱ्या, दोन खोकी. गेटपास आहे."

"जड असतील."

"नसतील गं. एकेका हातात एकेक खोकं घेऊन गेले चालत. मी म्हटलं, थांबा, पोरगा देते. नको म्हणाले."

धम्मदिनानं गेटपासवरची सही पाहिली. मग तिनं केणे मॅडमना फोन लावला. तीनला ऑफिसात या, एवढंच सांगितलं.

*

दुपारी तीनला ऑफिसात पाचजण होते. केणे मॅडम, भाविक, रघू, चांगदेव सर आणि धम्मदिना. सरांनी पत्र पुढं सरकवलं. तिनं ते उलटं करून ठेवलं आणि फळ्यावर खडूनं दोन आकडे लिहिले. सात. अकरा.

"ओमकारचा आकडा सात होता, काल एक बावीसला तो अकरा होता," ती म्हणाली. "हे खरं आहे. पेटीतही तसंच आहे. सर म्हणतात बेरीज झाली. सात अधिक चार अकरा होतात, तेही खरं. पण बेरीज फक्त ओमकारची झाली असती. रघूला कोणी काही दिलं नव्हतं. तरी एक सव्वीसला रघूचा आकडा अकराचा सात झाला, आणि त्याला त्याच्याच शीतगृहाचं दार बंद झालं."

"मशीन बिघडलं की असं..." सर म्हणाले.

"बिघडलं असतं तर बरं झालं असतं, सर. समजा रघूलाही चुकून चार मिळाले. अकरा अधिक चार पंधरा. त्यातही शीतगृहाचे आठ राहतात. बेरीज कशीही करा, रघूला लाल दिवा लागत नाही."

तिनं आकड्यांखाली बटणं काढली. चालू ते भरलेलं, बंद ते रिकामं.

"पॅकिंग आणि शीतगृह, ही दोनच बटणं बघा. ओमकारचं पॅकिंग चालू, शीतगृह बंद. रघूचं उलट. काल कोणीतरी ही दोन्ही बटणं उलटी केली. चालू ते बंद, बंद ते चालू. प्रोग्रॅममध्ये याला एक्सॉर म्हणतात. पॅकिंगचे चार, शीतगृहाचे आठ, मिळून बारा. सातला बारानं उलटं केलं, अकरा. अकराला बारानं उलटं केलं, सात. आणि तोच हुकूम पुन्हा दिला की सगळं पूर्ववत. एक एक्केचाळीसला रघूचं दार उघडलं, कारण तोवर हुकूम दुसऱ्यांदा दिला गेला होता. मागे काही खूण उरत नाही."

"पण एकाच वेळी दोघांचे कसे?" केणे मॅडमनी विचारलं.

"दोघांचेच नाहीत. अख्ख्या शिफ्टचे. एका माणसाचा आकडा बदलला तर बदलणाऱ्याचं नाव नोंदवलं जातं. अख्खी शिफ्ट बदलली तर नाव लागत नाही, कारण ते काम मशीन आपोआप करतं. म्हणून शिफ्टचा हुकूम वापरला, तोही जेवणाच्या वेळी, म्हणजे पॅकिंगच्या लोकांना दारं बंद झालेली कळू नयेत. रघू तेवढा तापमान लिहायला लवकर आला."

"हा हुकूम कोणाला माहीत आहे?"

"मला. आणि ज्यांच्यासोबत बसून मी तो लिहिला, त्यांना."

कोणी सरांकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

"धम्मा," सर शांतपणे म्हणाले, "मग तूही करू शकली असतीस."

एवढं ते बोलतील असं तिला वाटलं नव्हतं.

"हो. मीही करू शकले असते. पण सकाळी साडेआठला तुम्ही मला फोनवर सांगितलंत, सातचा अकरा झाला होता. वरच्या कॉम्प्युटरवर ओमकारचा आकडा आत्ताही सातच आहे. अकरा फक्त पेटीत होता, आणि पेटीचं सील मी साडेबाराला तोडलं, भाविकभाईंच्या समोर."

"मी अंदाज केला. दार उघडलं म्हणजे..."

"दार उघडलं म्हणजे कोणीही आधी काय म्हणेल? त्याला शीतगृहाचे आठ जास्त मिळाले. सात आणि आठ, पंधरा. मीसुद्धा तेच म्हटलं असतं. तुम्ही थेट अकरा म्हणालात, कारण तुम्ही अकरा केला होता. आणि बेरजेची गोष्ट जुळावी म्हणून आधीच ऑफिसात फोन करून चारचं बटण दाबायला लावलंत. नंतर माझ्या उभ्या रेघेच्या जागी अधिकचं चिन्ह घातलंत. तारीख मागची टाकलीत."

"खोकी?" भाविकनं विचारलं.

"ओमकारचं कार्ड गाडीच्या हुकाला होतं. शीतगृहाचा कोट खुंटीला. बॅटऱ्यांची दोन रिकामी खोकी सरांकडे, चोवीस लहान खोकी त्यांतच मावली. एक अडतीसला ते फाटकातून गेले. यूपीएसच्या बॅटऱ्यांचं एक खोकं मला दोन्ही हातांनी उचलत नाही. साठीच्या माणसानं एकेका हातात एकेक नेलं."

सरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, "घरी आहेत. फ्रिजमध्ये. मी थंड ठेवलीत, वाया जाऊ दिली नाहीत. एका औषधवाल्याला द्यायची होती."

"का, सर?" हा प्रश्न धम्मदिनाचा होता. पोलिसांचा नव्हता.

"पुढच्या महिन्यात मला काढतायत. तुला ठाऊक आहे, त्या जागी कोणाला घेणार? तुला. भाविकनंच सांगितलं. मी शिकवलेली मुलगी, मी आणलेली मुलगी." ते हसण्याचा प्रयत्न करत होते. "तुझं नाव खराब झालं असतं, चार दिवस. तू तरुण आहेस, परत उभी राहिली असतीस. मला या वयात कोण उभं करतंय?"

"आणि ओमकार?"

सर परत चष्मा पुसू लागले. तिला वाटलं, त्यांनी ओमकारचा विचारच केला नव्हता. ते सगळ्यात वाईट होतं.

*

सरांच्या घरी केणे मॅडम आणि भाविकसोबत धम्मदिनाही गेली. ती ओळखीची होती म्हणून सरांच्या बायकोनं दार उघडल्याबरोबर विचारलं, "जेवलीस का गं?" फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, कोथिंबिरीच्या पिशवीमागे, चोवीस खोकी नीट रचून ठेवली होती. वहिनी म्हणाल्या, "हात लावू नकोस म्हणाले होते. पण सकाळपासून लाइट नव्हती हो, आत्ता आली. काही खराब तर झालं नाही ना?"

भाविकनं एक खोकं हातात घेतलं, त्याच्यावरची तापमानाची पट्टी पाहिली. ती काळी पडली होती. "सगळी फेकावी लागतील," तो म्हणाला. "उद्या चोवीस पेशंटना ही द्यायची होती."

वहिनींना काही कळलं नाही. त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

संध्याकाळी ओमकार सुटला. सीताबाई चौकीबाहेर उभी होती. तिनं पोराला जवळ घेतलं नाही, नुसता त्याचा शर्ट सारखा केला आणि त्याला रिक्षात बसवलं. बसताना ओमकार धम्मदिनाला म्हणाला, "मी परत न्हाय जानार तिथं. कोनाच्या शब्दावर तर अजिबात न्हाय."

तिनं मान हलवली.

आत जबाब लिहायचा होता. हवालदारानं सगळं लिहून घेतलं, वेळा, आकडे, खोकी. दोनदा त्यानं सात आणि अकरा उलटे लिहिले आणि तिनं दुरुस्त करून घेतले. शेवटच्या पानावर तो थांबला.

"आरोपीशी तुमचा संबंध काय? काय लिहू? ओळख आहे?"

धम्मदिना खिडकीबाहेर बघत होती. मानकोलीकडे जाणाऱ्या ट्रकची रांग तुंबली होती, हॉर्न चालू होते. हवालदारानं पुन्हा विचारलं. मग स्वतःच लिहायला लागला, ओळखीचे.

"ते खोडा," ती म्हणाली. "लिहा, विद्यार्थिनी."

त्यानं खोडलं, लिहिलं, कागद तिच्याकडे वळवला. तिनं सही केली.